गॉर्डीच्या आवाजातला एल्डन

मेव्हिस लिंडक्विस्ट फोनवर आधी हवेबद्दल बोलली. डलूथकडे, त्या उत्तरेच्या थंड मुलखात, घराला आग लागल्याचं कळवायला फोन केला, तरी आधी थंडीची चौकशी होते. त्यामुळे व्हर्ना टॉलेफसनने घाई केली नाही. डब्यातल्या कालच्या हॉटडिशमधला, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या खिमा-बटाट्यातला, बटाटा काट्याने बाजूला सारत ती म्हणाली, "हो ना, थंडीचं काही नाही, वाराच वाईट."

"वाराच वाईट," मेव्हिस म्हणाली. "बरं, तुम्हाला जेवणाच्या वेळी त्रास द्यायचा नव्हता. पण आमचा एल्डन सकाळपासून दुसऱ्याच माणसाच्या आवाजात बोलतोय."

व्हर्नाने काटा खाली ठेवला.

"दुसऱ्याच म्हणजे?"

"कुणीतरी फिनिश म्हातारा आहे. मी पाठमोरी उभी राहून अंडी तळत होते, आणि मागून परका पुरुष म्हणतो, 'मेव्हिस, कॉफी दे.' हातातलं उलथनं पडलं माझ्या. या वयात घरात नवा पुरुष आला तर शेजारी काय म्हणतील?"

मेव्हिस हसत होती, पण ते हसू तळ नसलेल्या भांड्यासारखं होतं. व्हर्नाला ते लगेच कळलं.

ज्यांची वाचा जाते त्यांच्यासाठी व्हर्नाची कंपनी बोलकं यंत्र बनवायची. माणसाने पाटीवर शब्द टिपायचे आणि यंत्राने ते उच्चारायचे. बहुतेक लोक यंत्रातल्या तयार आवाजांतला एखादा निवडत. एल्डन लिंडक्विस्टने तसं केलं नव्हतं. तो लिलाव पुकारणारा माणूस. गुरंढोरं, ट्रॅक्टर, मेलेल्या माणसांची कपाटं, सगळं त्याने आपल्या जिभेवर विकलेलं. त्याच्या तोंडून आकडे असे सुटायचे की शेतकरी नुसता कान खाजवायला हात वर करायचा आणि कालवडीचा मालक होऊन बसायचा. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितल्यावर त्याने आधी आपला आवाज साठवून ठेवला. जीभ जड होण्याआधी रोज थोडं थोडं बोलून. तो आवाज त्याच्या यंत्रात होता, आणि व्हर्नाच्या माहितीप्रमाणे फक्त तिथेच.

"मला ऐकवता का जरा?" व्हर्ना म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. थोडा वेळ नुसती टिकटिक, आणि मग एक जाडसर, कोरडा, प्रत्येक शब्दानंतर वल्हं थांबवून पाण्याकडे बघणारा आवाज:

"मी एल्डन. हा माणूस कोण आहे. फार हळू बोलतो. याच्याच्याने कोंबडीसुद्धा विकली जाणार नाही."

व्हर्नाने डोळे मिटले. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. गॉर्डी निएमीचा होता तो.

गॉर्डी आता निवृत्त होऊन तळ्याच्या बर्फावर झोपडी टाकून मासे धरत बसायचा. पण कंपनी नवी होती तेव्हा सॉफ्टवेअरची बांधणी, म्हणजे सगळ्यांनी लिहिलेले तुकडे जोडून त्याचं चालतं यंत्र करण्याचं काम, तो एकटा बघायचा. चाचणीसाठी एक आवाज हवा होता आणि विकत घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा कोटांच्या कपाटात शिरून, दार ओढून घेऊन, त्याने स्वतःचाच आवाज भरला. तेव्हापासून बांधणीच्या, म्हणजे बिल्ड मशीनवर आवाजाच्या खणात 'गॉर्डी' हेच नाव भरलेलं असायचं. ऑफिसमधल्या प्रत्येक चाचणीत गॉर्डी बोलायचा. गॉर्डी बोलला की समजायचं, सगळं ठीक आहे.

आणि तिथेच पाणी मुरत होतं, हे व्हर्नाच्या आत्ता लक्षात आलं. ऑफिसमध्ये गॉर्डी बोलतो हे बरोबर. पण एल्डनच्या स्वयंपाकघरात गॉर्डी बोलायला लागला, तर ती चूक चाचणीत दिसणार कशी?

"मेव्हिसबाई, एल्डनचा आवाज दुसरीकडे कुठे ठेवलाय का तुम्ही?"

"छोट्या पेनड्राइव्हच्या काडीवर होता की. एल्डनने सुरक्षित जागी ठेवलाय."

"कुठे?"

"तेच तर. एल्डनने सुरक्षित जागी ठेवलेलं आजपर्यंत कुणालाच सापडलेलं नाही. त्यालाही नाही."

"बरं. मग एक करा. यंत्र बंद करू नका. काही झालं तरी नाही. चार्जरला लावून ठेवा."

"आवाज परत येईल ना हो?" मेव्हिसने पहिल्यांदाच न हसता विचारलं.

व्हर्ना खोटं बोलणारी बाई नव्हती. ती शाळेच्या उपाहारगृहात वाढपाचं काम करता करता, रात्रशाळेतही न जाता, वाचनालयातली पुस्तकं वाचून या धंद्यात आली होती. खोट्याने काम चालत नाही, हे तिला यंत्रांनीच शिकवलं होतं. "आत्ता तो तुमच्या यंत्रातच आहे," ती म्हणाली. "तो तिथे राहील असं बघते. फोन चालूच ठेवा."

यंत्र बंद करू नका असं तिने का सांगितलं, ते कर्टिस पेल्कीला सांगावं लागलं नाही. तो शेजारच्या टेबलावरून सगळं ऐकत होता आणि त्याचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला होता. गेल्या महिन्यात बांधणीची जुनी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांची यादी, त्यानेच नव्याने मांडली होती.

"सकाळी गेलेल्या अपडेटचा शेवटचा टप्पा संध्याकाळी सहाला आहे," तो म्हणाला. "सगळी यंत्रं आपोआप बंद होऊन चालू होतात. आणि चालू होताना..."

"जागा मोकळी करायला वापरात नसलेले आवाज पुसतात," व्हर्नाने वाक्य पुरं केलं.

आणि एल्डनच्या यंत्राच्या समजुतीप्रमाणे, एल्डनचा आवाज आता वापरात नव्हता.

लोकांचे आवाज कंपनीत आणून ठेवायचे नाहीत, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता. माणसाचा आवाज माणसाच्या घरी. नियम चांगलाच होता, पण आज तो व्हर्नाला नडला.

कर्टिसने अपडेट पुढे जाणं लगेच थांबवलं. पण ज्या यंत्रांत ते आधीच पोचलं होतं, ती सहाला बंद होणारच होती. सुदैवाने पहिल्या तुकडीत यंत्रं थोडीच होती, आणि स्वतःचा आवाज असलेलं एकच. मग दोघांनी जुनी स्क्रिप्ट आणि नवी स्क्रिप्ट शेजारी शेजारी उघडली.

"ही ओळ," कर्टिस बोट ठेवून म्हणाला. "इथे डॉलरच्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ होती. आणि बाजूने अवतरणचिन्हांचं जंगल. मला वाटलं, जुन्या माणसाची सवय असेल. काढली, तरी चाचणी पास झाली."

"होणारच. गॉर्डी बोलला असेल."

"गॉर्डीच बोलला."

"मीही बघून होकार दिला होता," व्हर्ना म्हणाली, "तेव्हा चेहरा नीट कर आणि खुर्ची इकडे घे."

आपण त्या चिन्हांना जंगल म्हटलं नसतं, असं मात्र तिला वाटून गेलं. ती जुनी ओळ ती आता तशी बघत होती, जशी बाई दुसरीच्या हातची गोधडी उलटी करून टाके बघते. वरून ओबडधोबड, पण एकही टाका उगीच नाही.

शेल नावाचा जो निरोप्या प्रत्येक मशीनच्या दारात बसलेला असतो, त्याची एक खोड आहे. त्याला डॉलरचं चिन्ह लावलेलं नाव दिसलं की तो ते पुढे देत नाही, उघडतो. आपल्या घरात त्या नावाच्या खणात जे काही भरलेलं असेल ते काढून तिथे ठेवतो, आणि मग पुढे जातो. दुष्टपणाने नाही, त्याचं कामच ते. निरोप दुसऱ्या घरचा असेल, तर त्याला हात लावू नको असं सांगावं लागतं. तिरकी रेघ म्हणजे तेच सांगणं. एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे पक्कं बांधलेलं गाठोडं, आत काय आहे ते बघायचंसुद्धा नाही. दुहेरी म्हणजे जाळीचं झाकण: नाव उघडलं तर चालेल, पण जे निघेल त्याचे तुकडे करायचे नाहीत.

हे गॉर्डीने व्हर्नाला तिच्या पहिल्या हिवाळ्यात शिकवलं होतं, तेही हातातल्या पेस्टीवरून. त्याचा बाप लोखंडाच्या खाणीत होता. आई खिमा-बटाट्याच्या त्या मोठ्या करंज्या कागदात, मग फडक्यात, मग वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची.

"खाली पोचेपर्यंत ती चार हातांतून जायची," गॉर्डी म्हणाला होता. एवढं बोलून तो थोडा दमलाही होता. "प्रत्येक जण एक पदर काढणारच, सवय असते माणसाला. म्हणून आई मधे जितके हात, तितके पदर घालायची. बापाच्या हातात पडेल तेव्हा शेवटचा पदर. गरम."

"आणि पदर कमी पडला तर?"

"तर मधल्याच कुणीतरी खाल्ली."

कर्टिसने तिरकी रेघ काढली, म्हणजे एक पदर काढला. मग बिल्ड मशीनने वाटेतच नाव उघडलं, आपल्या खणातला 'गॉर्डी' काढला, आणि प्रत्येक यंत्रात तोच कायमचा लिहून टाकला. एल्डनच्या घरी पोचायची ती पेस्टी अशी मधेच खाल्ली गेली.

आता दुरुस्तीचा निरोप एल्डनच्या यंत्राला दुरूनच पाठवायचा होता, आणि त्याला वाटेत तीन दारं होती: व्हर्नाचं मशीन, मधलं निरोप पुढे नेणारं मशीन, आणि एल्डनचं यंत्र. तिथे पोचल्यावरही ते नाव उघडायचं नव्हतं. बंदच्या बंद फाइलीत लिहायचं होतं, म्हणजे यंत्र दर वेळी चालू होताना ते स्वतः उघडेल. त्याच निरोपात, एल्डनचा सोडून बाकीचे आवाज पुसायची आज्ञाही नव्याने लिहायची होती. एक पदर चुकला असता, तर पुसणाऱ्या हाताला चुकीचं नाव मिळालं असतं.

कर्टिस भराभर टाइप करू लागला. त्याची बोटं चांगली होती, व्हर्नाला ती नेहमी आवडायची. त्याने ओळ पुरी केली आणि एंटरवर बोट नेलं.

"थांब," व्हर्ना म्हणाली. "आधी मशीनला बोलतं कर."

"वेळ नाहीये, व्हर्ना."

"म्हणूनच."

हीसुद्धा गॉर्डीची रीत. कुठलीही धोक्याची आज्ञा पाठवण्याआधी तिच्यापुढे 'एको' हा शब्द लावायचा. मग मशीन ते काम करत नाही, काय केलं असतं ते नुसतं बोलून दाखवतं. गॉर्डी स्वतः इतका कमी बोलायचा, पण मशीनला बोलतं केल्याशिवाय त्याने कधी काम करू दिलं नाही. ऑफिसात यावरून त्याची टर उडायची. गॉर्डी घरी सॉना, म्हणजे वाफेची खोली, तापवण्याआधीसुद्धा लाकडांना विचारतो, म्हणायचे.

कर्टिसने एको लावला आणि ओळ पाठवली. उत्तर आलं. डॉलरचं चिन्ह जिथे जसंच्या तसं असायला हवं होतं, तिथे लिहिलं होतं: गॉर्डी.

व्हर्नाने त्या शब्दावर बोट ठेवलं.

"पाठवली असती तर आपणच पुसला असता त्याला," कर्टिस हळूच म्हणाला.

"मधलं मशीन," व्हर्ना म्हणाली. "ते कोणतं आहे आठवतं का? जुनं बिल्ड मशीनच पुढे सरकवलंय आपण तिथे. त्याच्याही खणात गॉर्डीच आहे."

"म्हणजे आणखी एक पदर."

"आणखी एक पदर."

तो पदर घालणं दिसतं तितकं सोपं नसतं. पक्क्या बांधलेल्या गाठोड्याच्या आत दुसरं पक्कं गाठोडं बांधता येत नाही. आतली गाठ ही बाहेरचीच समजून निरोप्या ती सोडतो. मग बाहेरचं गाठोडं क्षणभर सोडायचं, तिरक्या रेघेने एक चिन्ह सुटंच पुढे करायचं, आणि पुन्हा गाठ मारायची. वाचणाऱ्याला मुंग्यांची रांग दिसते. व्हर्नाने ती रांग सावकाश घातली, ओठांनी पुटपुटत, विणकाम करणारी टाके मोजते तशी. मधेच फोनमधून गॉर्डीच्या आवाजात प्रश्न आला:

"तुम्ही लोक जेवायला गेलात का."

"नाही हो, एल्डन," व्हर्ना म्हणाली. "इथेच आहोत."

"बरं. मला घाई नाही. या आवाजात घाई करताच येत नाही."

व्हर्नाने मशीनला पुन्हा बोलतं केलं. या वेळी डॉलरचं चिन्ह सगळ्या दारांतून अंगाला धक्का न लागता बाहेर आलं. कर्टिसने खांदे सैल सोडले.

"अजून एक," ती म्हणाली. "शेवटी एल्डनच्या यंत्राला ते उघडू दे. त्याच्या खणात काय आहे ते त्याच्याच तोंडून ऐकू. निघेल तो प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर लिही म्हणावं."

उत्तर यायला थोडा वेळ लागला. तिकडे उत्तरेला गावाबाहेरच्या घरात नेटवर्क असंच होतं. मग पडद्यावर उमटलं: एल्डन. आणि त्याखालच्या ओळीवर: लिंडक्विस्ट.

व्हर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून जे बघायचं ते तिला दिसलं नाही. कर्टिसला दिसलं.

"दोन माणसं झाली," तो म्हणाला.

"काय?"

"मेव्हिसबाईंनी आवाजाला नाव देताना एल्डन, मधे जागा, लिंडक्विस्ट असं टाकलंय. दुहेरी अवतरणचिन्हं वाटेत कुणीतरी खाल्ली. यंत्राला वाटतंय, एल्डन वेगळा, लिंडक्विस्ट वेगळा. पुसणारा हात या नावांचे आवाज शोधेल, त्याला दोन्ही सापडणार नाहीत, आणि तो सगळेच पुसेल." तो आपल्याच बोलण्याने दचकल्यासारखा थांबला. "जुन्या ओळीत होती ती दुहेरी चिन्हं. जंगलात."

"होती," व्हर्ना म्हणाली. "घाल परत. तूच घाल."

त्याने घातली. मशीनला पुन्हा बोलतं केलं. एका ओळीवर, एकच माणूस: एल्डन लिंडक्विस्ट.

एको काढायच्या आधी व्हर्नाने दुसऱ्या फोनवरून गॉर्डीला फोन लावला. विचारायचं असं काही उरलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या टाक्यावर टाका घालताना त्याला सांगावं, असं तिला वाटलं. गॉर्डीने बऱ्याच वेळाने उचलला. मागे स्टोव्हवर काहीतरी चुरचुरत होतं.

"वॉलाय लागलाय," तो म्हणाला. म्हणजे मासा.

व्हर्नाने थोडक्यात सगळं सांगितलं आणि ओळ वाचून दाखवली.

"मशीनला बोलतं करून पाहिलंस?"

"प्रत्येक दाराशी."

"मग मला का विचारतेस," गॉर्डी म्हणाला. त्याच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी कंपनीत कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं.

"गॉर्डी, एल्डन लिंडक्विस्ट दुसऱ्या फोनवर आहेत. तुझ्याच आवाजात. बोलतोस?"

तिने दोन्ही फोन एकमेकांजवळ ठेवले. कर्टिस खुर्ची घेऊन पुढे सरकला.

"नमस्कार," झोपडीतला गॉर्डी म्हणाला.

"नमस्कार," स्वयंपाकघरातल्या एल्डनने गॉर्डीच्याच आवाजात म्हटलं. "बर्फ किती जाड आहे."

"पुरेसा."

"मासे."

"आहेत."

फिनिश माणूस स्वतःशी बोलायला बसला की असंच होत असणार, असं व्हर्नाच्या मनात आलं.

"तुमचा आवाज चांगला आहे," एल्डन शेवटी म्हणाला. "पण त्याच्यात माझी बायको मला ओळखत नाही."

गॉर्डीने घसा खाकरला. "व्हर्ना," तो म्हणाला, "पाठव ते."

व्हर्नाने ओळीच्या सुरुवातीचा एको काढला. कर्टिसकडे पाहिलं. तो मान हलवून हो म्हणाला. तिने एंटर दाबलं, आणि मग मेव्हिसला म्हणाली, "आता यंत्र बंद करा, बाई. तुमच्या हाताने. आणि चालू करा."

"बंद करू नका म्हणाला होतात ना?"

"आता करा. सहा वाजायची वाट बघत बसायला नको."

मेव्हिसने बटण दाबल्याचा बारीक आवाज आला. मग काहीच नाही. गॉर्डीच्या बाजूला मासा चुरचुरत होता, तोही त्याने बहुतेक स्टोव्हवरून उतरवला, कारण तेही थांबलं. सगळ्या पदरांतून गेलेलं ते नाव आता आपल्या घरी उघडत असेल, असं व्हर्ना मनाशी म्हणत राहिली. देवाचं नाव घ्यायच्या जागी तिने ते घेतलं.

पलीकडे टिकटिक झाली.

"तर मंडळी, इकडे बघा, इकडे बघा," आणि तो आवाज आला. उंच, खणखणीत, कडेला थोडा फाटलेला, शब्दाच्या अंगावर शब्द चढवत पळणारा. "मालक तळ्यावर बसलेत, माल एकदम अस्सल, फिनिश आवाज, जेमतेम वापरलेला, आत शब्द जवळपास नवे कोरे, बोली कोण लावतं, बोला, डबाभर कुकीजपासून सुरुवात, एक डबा, दीड डबा, त्या कोपऱ्यातल्या बाई दोन म्हणाल्या का..."

"मी नाक पुसतेय, एल्डन," मेव्हिस म्हणाली.

"बाईंनी हात वर केला, दोन डबे, दोन डबे एक वार, दोन डबे दोन वार..."

"फार झालं," गॉर्डी तळ्यावरून म्हणाला. "मी दीडवरच दिला असता."

कर्टिस हसता हसता टेबलावर डोकं टेकून बसला होता. व्हर्नाने एका हाताने त्याच्या पाठीवर थोपटलं आणि दुसऱ्या हाताने जुनी ओळ, तिरकी रेघ आणि जंगलासकट, नव्या स्क्रिप्टमध्ये जागच्या जागी ठेवली. बिल्ड मशीनच्या खणातलं गॉर्डीचं नावही तिने काढलं. तिथे कुणाचंच नसलेलं एक नाव टाकलं. पुन्हा कधी नाव वाटेतच उघडलं गेलं, तर यंत्र मुकं होईल आणि चाचणीतच पकडलं जाईल. परक्याच्या आवाजात बोलण्यापेक्षा ते बरं.

एल्डन थांबला नव्हता. त्याने आपला फ्रिज विकला, मेव्हिसची भरतकामाची टोपली विकली, शेजाऱ्याचा बर्फ ढकलायचा ट्रक शेजाऱ्याला न विचारता विकला. कोणी बोली लावत नव्हतं, तरी भाव चढतच होते.

"आता हा रात्रीपर्यंत गप्प बसायचा नाही," मेव्हिस म्हणाली. फोन तिने कानापासून लांब धरला असावा, कारण तिचा आवाज लहान झाला होता आणि त्याचा मोठा.

"मग ठेवू का मी?" व्हर्नाने विचारलं.

मेव्हिसचं लक्ष एल्डनकडे होतं. ती ऐकत होती. व्हर्नाने आवाज न करता आपल्या बाजूचा फोन ठेवला आणि थंड झालेला हॉटडिश पुढे ओढला.